बार उडाल्यानंतरचा तास

मला विचारलेले प्रश्न तीन आहेत. एक: टोपीवर (घोडा पडताच ठिणगी देणाऱ्या छोट्या धातूच्या टोपणावर) उडणारी, जुन्या घाटाची ०.५० इंची ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी भरून गजाने ठासायची, रायफल नवीनच घेतली आहे. पहिले दहा-बारा बार बरे लागतात, मग गोळी नळीत अर्ध्यावर अडते आणि नेम विखुरतो. दारू वाढवून बघावी का? दोन: सफाई त्याच दिवशी करायलाच हवी का, की सुट्टीच्या दिवशी निवांत केली तर चालेल? तीन: घरात पणजोबांच्या काळातली एक खरी जुनी ठासणीची बंदूक आहे, ती चालवून पाहता येईल का?

प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: काजळी. गेली सत्तावीस वर्षं मी ठासणीच्या रायफली चालवतो आहे आणि जे काही शिकलो त्यातलं बरंचसं मला काजळीनेच शिकवलं. म्हणून आधी तिच्याबद्दल बोलतो, दारूच्या मापाकडे नंतर येतो.

आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू जळली की तिचा जवळजवळ सगळा वायू होतो. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळली की वजनाने निम्म्याहून अधिक भाग घन रूपात मागे उरतो. त्यातला काही धुरातून बाहेर पडतो (तो दाट पांढरा ढग म्हणजे हवेत तरंगणारे क्षारच) आणि बाकीचा नळीच्या आतून चिकटतो. हे मुख्यतः पोटॅशियमचे क्षार: कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. हवा दमट असेल तर ते ओलावा ओढून मऊ राहतात, हवा कोरडी असेल तर वाळून दगडासारखे घट्ट होतात. तुमची गोळी दहाव्या बाराला अडते तेव्हा ती याच थरावर अडते. नळीचं माप तेच आहे, पण आतली जागा कमी झाली आहे.

ही अडचण जुनीच आहे. आटे (गोळीला फिरकी देणारे आतले पिळदार चर) पाडलेल्या नळ्या कित्येक शतकं माहीत होत्या, तरी फौजांनी बराच काळ गुळगुळीत नळीच्या बंदुकाच वापरल्या. इंग्रजांच्या ब्राउन बेस या फौजी बंदुकीची नळी ०.७५ इंचांची आणि गोळी साधारण ०.६९ इंचांची असे. एवढी ढिली गोळी काजळी साठली तरी सरकन खाली जाते. नेम मात्र रामभरोसे. रायफलीत गोळी आट्यांना घट्ट धरून जायला हवी, म्हणून ती ठासायला वेळ लागतो आणि काही बारांनंतर ठासताच येत नाही. १८४९ मध्ये फ्रान्सच्या मिनिएने बुडाशी पोकळ असलेली गोळी पुढे आणली. ती भरताना नळीपेक्षा किंचित बारीक असते आणि बार उडाला की दाबाने बूड फुगून आट्यांत बसते. १८५३ च्या एनफिल्ड या इंग्रजी फौजी रायफलीत याच तत्त्वावरची गोळी होती. चरबी लावलेली काडतुसं म्हटलं की आपल्याला १८५७ आठवतं, पण त्यांना चरबी मुळात का लावावी लागली हे क्वचितच कुणी सांगतं. काजळी मऊ राहावी आणि पुढची गोळी खाली जावी, म्हणून ती चरबी होती. तुमच्या रायफलीला आज हवी आहे तीही हीच गोष्ट.

तेव्हा दारू वाढवू नका. जास्त दारू म्हणजे जास्त काजळी, दुखणं वाढेल.

आधी गोळीभोवती गुंडाळून ठासतात ती चिंधी बघा. ०.५० च्या नळीत गोल गोळी साधारण ०.४९० इंचांची आणि चिंधी ०.०१५ ते ०.०१८ इंच जाडीची असते. कापड घट्ट विणीचं, निव्वळ सुती असावं. कृत्रिम धागा मिसळलेलं कापड नळीत वितळतं. नव्या कापडाची खळ धुऊन काढा. चिंधीला वंगण नैसर्गिक हवं. मधमाशीचं मेण आणि प्राण्यांची चरबी किंवा वनस्पती तेल यांचं मिश्रण चांगलं. हवा गरम असेल तर मेण वाढवायचं, थंड असेल तर तेल. खनिज तेल किंवा गाडीचं ग्रीस चिंधीला लावू नका. काळ्या दारूच्या आगीत त्याचा डांबरासारखा चिवट थर बनतो आणि मग गजाने कितीही रेटलं तरी गोळी हलत नाही. दहाव्या-बाराव्या बाराला अडकणाऱ्या नव्या रायफली माझ्याकडे येतात तेव्हा निम्म्या वेळा कारण हेच निघतं: मालकाने दुकानातून आणलेलं बंदुकीचं तेल चिंधीला लावलेलं असतं.

दुसरं, दोन बारांच्या मध्ये नळी पुसा. पुसायची एक चिंधी ओलसर करून गजाला लावायची. ओली नव्हे, ओलसर. पिळल्यावर थेंब पडता कामा नये. जुने लोक थुंकीने ओली करत, तीही चालते. एकदा सावकाश खाली, एकदा वर, मग उलटून पुन्हा तेच, आणि शेवटी एक कोरडी. चिंधी फार ओली असली की सगळी काजळी तळाशी ढकलली जाते, निपलच्या (टोपी बसते त्या, आतून आग नेणाऱ्या बोंडीच्या) वाटेत जाऊन बसते आणि पुढचा बार फुसका जातो. काही जण प्रत्येक बारानंतर पुसतात, काही जण पाचांनंतर. मी प्रत्येक बारानंतर पुसतो, कारण नेम एकसारखेपणावर टिकतो: पहिल्या गोळीला जशी नळी मिळाली तशीच तेराव्या गोळीला मिळायला हवी. ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ३० मिनिटांत १३ बार आणि त्यातले उत्तम १० धरले जातात. म्हणजे एका बाराला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ, आणि त्यातला बहुतेक पुसण्यात आणि भरण्यात जातो. हाच या खेळाचा ताल आहे. घाई असेल त्याने दुसरी बंदूक घ्यावी.

आता जे सांगतो ते मोडू नका. गोळी अर्ध्यावर अडली असेल तर ती तशीच उडवून टाकायची नाही. गोळी दारूवर टेकलेली हवी, मध्ये पोकळी राहता कामा नये. पोकळी राहिली की अडलेल्या गोळीच्या मागे दाब एका जागी एकवटतो आणि नळी तिथे फुगते किंवा फाटते. माझ्या एका सोबत्याच्या रायफलीला मधोमध बांगडीसारखा फुगवटा आलेला मी पाहिला आहे. तो सांगत होता की गोळी ‘जवळजवळ’ खाली गेली होती. त्याचा हात वाचला, नळी कायमची गेली.

हे टाळायला गजावर दोन खुणा करा. नळी रिकामी असताना गज तळापर्यंत घालून तोंडाशी एक खूण, आणि तुमचा नेहमीचा बार व्यवस्थित ठासल्यावर दुसरी. प्रत्येक वेळी गोळी ठासली की दुसरी खूण तोंडाशी आली का ते डोळ्यांनी बघायचं, अंदाजाने नाही. खूण वर राहिली तर गोळी अडली आहे किंवा दुहेरी बार भरला गेला आहे. खाली गेली तर दारू घालायची राहिली आहे. हे शेवटचं माझ्या हातून झालं आहे. शेजारी कुणीतरी काही विचारत होतं, मी उत्तर देत देत गोळी ठासली, आणि तीन टोप्या फोडल्यावर दारूच घातली नाही हे लक्षात आलं. तेव्हापासून बार भरताना मी कुणाशी बोलत नाही, आणि कुणी भरत असेल तर त्याच्याशीही बोलत नाही.

अडलेली गोळी काढायची असेल तर आधी निपल काढून तिथून पाणी आत सोडा, दारू पूर्ण भिजवा, आणि मगच गजाच्या टोकाला गोळी ओढायचा पेच लावून ती ओढा. दाबाच्या वायूने गोळी बाहेर ढकलणारं छोटं उपकरणही मिळतं. ते जवळ असलेलं बरं. नळीचं तोंड मात्र कधीही स्वतःकडे किंवा दुसऱ्याकडे नको. ठासतानासुद्धा तोंडावर चेहरा, छाती किंवा तळहात येऊ देऊ नका. गज तोंडापासून वीतभर वर, बोटांनी धरून थोडा थोडा ढकलायचा. लाकडी गज लांबून दाबला की तिरका फाटतो आणि त्याची चीर हातात घुसते.

आता दारूचं माप. पहिला नियम: नळीवर काळ्या दारूसाठी असं लिहिलेलं असताना तिच्यात बिनधुराची दारू चिमूटभरसुद्धा घालायची नाही, मिसळूनही नाही. तिचा दाब या नळीच्या सोसण्यापलीकडचा असतो आणि नळी तुमच्या डाव्या हातात फुटते. दुसरा: शिंगातून किंवा दारूच्या डब्यातून थेट नळीत दारू ओतायची नाही. आत एखादा निखारा धुमसत असेल तर हातातला सगळा साठा पेटेल. माप वेगळं, साठा वेगळा. त्याहून चांगलं म्हणजे घरूनच एकेका बाराची दारू छोट्या नळकांड्यांत भरून न्यावी. साठ्याचं झाकण प्रत्येक वेळी बंद, आणि आसपास विडी-सिगारेट नाही.

काळी दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. डब्यावर इंग्रजी एफ अक्षरं असतात. जितके एफ जास्त, तितके दाणे बारीक आणि जळण वेगवान. ०.५० च्या रायफलीत दोन किंवा तीन एफची दारू चालते. गोल गोळीसाठी मी ४५-५० ग्रेनपासून सुरुवात करतो, पाच-पाच ग्रेनने वर जातो आणि प्रत्येक मापाचे पाच-पाच बार एका निशाण्यावर उडवतो. रायफलीच्या पुस्तिकेतली कमाल मर्यादा ही शेवटची रेषा, ती ओलांडायची नाही. बहुतेकदा सर्वांत आवळ गट (निशाण्यावरच्या भोकांचा पुंजका) कमाल मर्यादेच्या खूप आधीच मिळतो. एनफिल्डचा फौजी बारसुद्धा सुमारे ६८ ग्रेनचा, तोही ५३० ग्रेन वजनाच्या गोळीमागे. निशाणेबाज आजही त्याहून कमी भरतात.

गट कसा येतो ते कागदावर दिसतं, का येतो ते चिंधी सांगते. बार उडवल्यावर आठ-दहा पावलांवर पडलेल्या चिंध्या गोळा करून आणा. हा भाग मला फार आवडतो. चांगली चिंधी अखंड असते: मधे करडा गोल डाग, भोवती आट्यांच्या खुणा, कडा थोड्या उसवलेल्या. मधे जळून भोक पडलं असेल तर वंगण कमी आहे किंवा चिंधी पातळ. आट्यांच्या खुणांवरच चिरा असतील तर नव्या नळीच्या कडा धारदार आहेत. शंभरेक बारांत त्या बोथट होतात, तोवर चिंधी जाड घ्या. चिंधी एकाच बाजूने फाटत असेल तर नळीच्या तोंडाची कड बघा. चिंधीच सापडत नसेल तर ती जळून चिंध्या झाली आहे, आणि तुमचा नेम का विखुरतो याचं उत्तर मिळालं.

आट्यांचा पीळही बघून ठेवा. गोल गोळीला सावकाश पीळ मानवतो, ६० ते ६६ इंचांत एक फेरा. लांबट गोळीला जलद पीळ लागतो. ४८ इंचांत एक फेरा ही मधली तडजोड, आणि बाजारातल्या पुष्कळ नव्या रायफली याच पिळाच्या असतात. त्यांत गोल गोळी मध्यम दारूवर चांगली जाते. लांबट पोकळ गोळी वापरणार असाल तर शिसं शुद्ध आणि मऊ हवं, नाहीतर बूड फुगत नाही. आणि गोळीचं माप पुस्तकातून नव्हे, आपली नळी मोजून ठरवा. एकाच नावाच्या दोन रायफलींच्या नळ्यांत फरक असतो.

नेम घेताना एक सवय नव्याने लावावी लागेल. चाप ओढल्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंतचा वेळ इथे जास्त असतो. टोपीच्या रायफलीत तो फारसा जाणवत नाही, पण चकमकीच्या बंदुकीत घोडा पडतो, गारगोटी पोलादाला घासते, पोलादाच्या तापलेल्या कणांची ठिणगी रंजकावर (नळीबाहेर ठेवलेल्या पेटवणीच्या दारूवर) पडते, रंजक पेटतं, कानातून (नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून) आग आत जाते आणि मग बार उडतो. एवढ्या वेळात डोळा उचलला की गोळी गेलीच. धूर समोर आल्यावरसुद्धा माशी (नळीच्या तोंडावरची नेमाची खूण) निशाण्यावर धरून ठेवायची. चकमकीच्या बंदुकीवर सहा महिने काढलेला माणूस पुढे कुठलीही बंदूक चांगली चालवतो, असं माझं मत आहे.

टोपी फुटली आणि बार उडाला नाही, तर नळी निशाण्याकडेच धरून पूर्ण एक मिनिट थांबा. ठिणगी आत धुमसत असू शकते. फुटलेल्या टोपीचे तुकडे उडतात, म्हणून चष्मा हवाच; कानांवर संरक्षणही. पहिल्या बाराच्या आधी साठवणीचं तेल नळीतून कोरडं पुसून काढा आणि दोन टोप्या रिकाम्याच फोडा. फोडताना नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरा. पातं हललं तर निपलची वाट मोकळी आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सुट्टीपर्यंत थांबू नका. रात्रीपर्यंतसुद्धा नको. बार उडाल्यानंतरचा तास सफाईचा. क्षार ओलावा ओढतात आणि गंज लगेच सुरू होतो. माझी पहिली रायफल मी एका दमट संध्याकाळी दमून तशीच कोपऱ्यात ठेवली होती. सकाळी चिंधी फिरवली तर ती विटकरी रंगाची बाहेर आली, आणि तळाशी पडलेले बारीक खड्डे त्या नळीत आजही आहेत. काळ्या दारूऐवजी पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू वापरली तरी सूट नाही. तिच्यात पर्क्लोरेट असतं आणि जळल्यावर क्लोराइडचे क्षार उरतात, तेही गंजवतातच.

हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून सफाई पाण्यानेच. घोडा अर्धा चढवून निपल काढा. खिळपट्टीने (सहज निघणाऱ्या चपट्या खिळीने) बसवलेली नळी असेल तर ती दस्त्यातून सोडवा. पिनांनी बसवलेली असेल तर दर वेळी सोडवू नका, दस्त्याची लाकडी भोकं झिजतात. नळीचं निपलकडचं टोक कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा आणि घट्ट चिंधी लावलेला गज वर-खाली करा. पिचकारीसारखं पाणी आत-बाहेर होतं. काळं पाणी बदलत राहा, स्वच्छ येईपर्यंत. कोमट म्हणालो ते मुद्दाम. उकळत्या पाण्याने नळी लवकर वाळते खरी, पण तापलेल्या उघड्या लोखंडावर डोळ्यांदेखत तांबूस गंज धरतो. मग कोरड्या चिंध्या, एकामागून एक, अगदी कोरडी बाहेर येईपर्यंत. शेवटी तेलाचा पातळ हात. निपलचे आटे पुसून त्यांना थोडं ग्रीस लावा, नाहीतर ते नळीत कायमचं बसेल. घोड्याचं तोंड आणि लॉकच्या (घोड्याच्या यंत्रणेच्या) आतली बाजूही पुसा, काजळी तिथेही पोचते.

रायफल तोंड खाली करून ठेवा, म्हणजे तेल निपलकडे आणि दस्त्याच्या लाकडात उतरणार नाही. दुसऱ्या दिवशी एक कोरडी चिंधी फिरवा. पांढरी आली तर पुन्हा तेल आणि आठवड्याने एकदा पाहणं. तांबूस आली तर सगळं पहिल्यापासून. दस्त्याला अधूनमधून जवसाच्या तेलाचा हात द्या. त्या तेलाचे बोळे मात्र चुरगाळून टाकू नका, पसरून वाळवा; ते स्वतःच्या उष्णतेने पेट घेतात. शिशाच्या गोळ्या हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही.

तिसरा प्रश्न, पणजोबांची बंदूक. ती चालवू नका, असा माझा सल्ला आहे. तिच्या नळीला आतून काय झालं आहे हे बाहेरून दिसत नाही. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी तो बार उडाल्यानंतरचा तास चुकवला असेल, तर तळाशी, जिथे दाब सर्वांत जास्त असतो तिथेच, खोल खड्डे आहेत. काही जुन्या नळ्या लोखंडाच्या पट्ट्या पिळून, ठोकून, जोडून केलेल्या असतात आणि जोडाच्या आतून गंज खात जातो. नव्या प्रतिकृती दाबाची अधिकृत चाचणी होऊन, नळीवर तशी मोहोर घेऊन येतात. चालवायला त्याच घ्या. शिवाय परवान्याचे नियम देशागणिक वेगळे, जुन्या वस्तूला वेगळे आणि तिच्या प्रतिकृतीला वेगळे. बंदूक हलवण्याआधी ते तुमच्या इथल्या परवाना अधिकाऱ्याकडून लेखी विचारून घ्या.

जुन्या बंदुकीला पॉलिश पेपर लावू नका, पितळ चकचकीत करू नका. तो काळपट तपकिरी थर तिचं वय आहे. एकदा घासला की परत येत नाही. वर आलेला सैल गंज तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने हळूहळू काढा आणि संग्रहालयात वापरतात तसलं मेण पातळ लावा.

पण हे सगळं करण्याआधी ती भरलेली नाही ना, ते पाहा. जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेत भिंतीवर टांगलेल्या सापडतात, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही तितकीच पेटते. घोडा चढवू नका, चाप ओढू नका. तोंडासमोरून बाजूला उभे राहून एक सरळ लाकडी काठी हळूच तळापर्यंत घाला, तोंडाशी पेन्सिलने खूण करा, काठी बाहेर काढून तीच खूण तोंडाशी धरून नळीच्या बाहेरून लावा. काठीचं टोक निपलपाशी, चकमकीची असेल तर कानापाशी पोचायला हवं. काही नळ्या तळाशी निमुळत्या असतात, त्यांत ते थोडं अलीकडे थांबतं. पण दोन-तीन बोटं अलीकडे थांबलं तर आत बार आहे असंच धरा, बंदूक तोंड सुरक्षित दिशेला करून जागच्या जागी ठेवा, आणि ठासणीच्या बंदुकांची माहिती असलेल्या कारागिराला घरी बोलवा.